हात उचलला

प्रशिक्षण म्हटलं की मावशींच्या कपाळावर आठ्या पडायच्या. सव्वीस वर्षं कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर म्हणून काढलेल्या बाईला आता कोण काय शिकवणार? हातात परीक्षानळी धरताना लटलट कापणारी पोरं पुढं बाप झाली आणि आपल्या पोरांना दाखल करायला आली, तेही मावशींनी बघून झालं होतं. आणि आता म्हणे बाहेरून कोणी एक बाई येणार, विद्यार्थ्यांनी गैरवर्तन केलं तर काय करायचं, कॉलेजात सुरक्षित कसं राहायचं, हे दहा ते तीन सांगत बसणार. शिपायापासून ग्रंथपालापर्यंत सगळ्यांना हजेरी सक्तीची. जेवण कॉलेजतर्फे. तेवढं एक बरं.

पण राग आपला वरवरचा. आतून उत्सुकता काही गप्प बसू देत नव्हती. मावशींचा स्वभावच तसा. कुणाचं लग्न कुणाशी ठरता ठरता मोडलं, कुठले सर केसांना काळा रंग कधीपासून लावतात, कॅन्टीनवाला कुणाला उधार देत नाही, सगळं त्यांना ठाऊक. पोरं त्यांना मागून 'चौकशी खिडकी' म्हणायची, आणि तेही त्यांना ठाऊक होतं.

शिवाय आजचा शुक्रवार साधासुधा नव्हता. संध्याकाळी चार वाजता शिस्त समिती बसायची होती, आणि तिच्यापुढं तक्रार होती ती मावशींचीच.

झालं होतं असं. मंगळवारी दुपारी प्रॅक्टिकल संपलं. सर स्टाफरूमकडं गेले, पोरं पांगली, चार-पाच जण बेसिनपाशी हात धूत होती. मावशी काचेच्या सामानाचा ट्रे दोन्ही हातांत धरून, खिडकीजवळच्या एक नंबरच्या टेबलाला पाठ करून उभ्या होत्या. तेवढ्यात समोरून ती चष्मेवाली सुसाट धावत आली. दुसऱ्या वर्षाची पोरगी. उंच, अबोल. घरची भाषा वेगळी, मराठी इथं आल्यावर शिकलेली, तीही पुस्तकातून. आली ती "ए, सोड! सोड, सोड!" असं ओरडतच, आणि मावशींना काही कळायच्या आत तिनं फाडफाड हात चालवला. ट्रे खाली! अठरा चंचुपात्रं आणि बारा नळ्या, सगळ्यांचा चक्काचूर. बेसिनपाशी पोरं खो खो हसली.

मावशींच्या अंगाचा तिळपापड झाला. आईच्या वयाच्या बाईला 'ए'? 'सोड'? आणि वर मारते? पोरगी काहीतरी बोलायला गेली तर मावशी गरजल्या, "एक शब्द बोलू नकोस! आधी बाहेर हो!" मागची गाठसुद्धा न सोडता त्यांनी ॲप्रन डोक्यावरून ओढून काढला, खुंटीवर भिरकावला, आणि तडक ऑफिस गाठलं.

ऑफिसात हेडक्लार्क भाऊसाहेब. त्यांचं अक्षर मोत्यासारखं आणि भाषा अगदी कोर्टकचेरीची. मावशींनी रडतरडत सांगितलं, भाऊसाहेबांनी तीन ओळींत बसवलं. "वाचून सही करा," ते म्हणाले. रागात कोण वाचत बसतं? मावशींनी सही ठोकली आणि दोन दिवसांची रजा टाकून घरी गेल्या.

समितीनं मनावर घेतलं तर पोरीचं नाव पटावरून जाणार होतं, आणि नावाबरोबर होस्टेलची खोलीही. आज सकाळी ती गेटपाशी दिसली तेव्हा तिच्या उजव्या हाताला पट्टी होती. काच लागली असेल, मावशींच्या मनात आलं. लागू दे. चांगली अद्दल घडली.

तर सभागृहात दहाच्या ठोक्याला प्रशिक्षक बाई आल्या. बुटक्या, पांढऱ्या केसांच्या, पायात कापडी बूट. मावशींना वाटलं होतं, आता पडदा लावतील, चित्रं दाखवतील, म्हणजे मागं बसून एक डुलकी काढता येईल. छे! बाईंनी आधी सभागृहाचं मागचं दार ढकलून पाहिलं. कुलूप. "किल्ली कुठं?" सगळ्यांनी भाऊसाहेबांकडं पाहिलं. किल्ली ऑफिसच्या कपाटात, आणि कपाटाची किल्ली भाऊसाहेबांच्या घरी.

"म्हणजे इथं आग लागली तर भाऊसाहेब घरी जाऊन येईपर्यंत तिनं थांबायचं," बाई म्हणाल्या. लोक हसले. भाऊसाहेब हसले नाहीत. मावशी मात्र सरसावून बसल्या. बाईत दम आहे.

"मी कायदा शिकवायला आले नाही," बाई म्हणाल्या. "कागद शिकवायला आलेय. पोरांनी काही केलं की तुम्ही दोन ओळी लिहिता, आणि त्या दोन ओळींवर एखाद्याचं वर्ष टांगलेलं असतं. तर आज खेळ खेळू. तुमच्याच कॉलेजातल्या तक्रारी आहेत, नावं खोडलेली. मी वाचते. तुम्ही करून दाखवायचं. कागदात आहे तेवढंच. पदरचं काही घालायचं नाही."

पहिला कागद निघाला: 'सदर विद्यार्थ्याने ग्रंथालयात धुमाकूळ घातला.' ग्रंथपालांना उभं केलं. सज्जन माणूस. त्यांनी दोन खुर्च्या इकडच्या तिकडं केल्या आणि घाबरून परत जागेवर ठेवल्या.

"एवढाच धुमाकूळ?" बाईंनी विचारलं.

ग्रंथपाल चाचरले. "तक्रार मीच लिहिली होती, बाई. तो... मोठ्यानं शिंकला. तीनदा. आणि मग सगळे हसले."

"मग शिंकला असं का नाही लिहिलं?"

"शिंकण्याबद्दल शिक्षा कशी होईल?" ग्रंथपाल बोलून गेले, आणि त्यांचं त्यांनाच हसू आलं. मावशींना तर हसून हसून ठसका लागला. काय पण लोक असतात, त्यांच्या मनात आलं. शिंकेचा धुमाकूळ!

बाईंनी पुढचा कागद घेतला. "'सदर विद्यार्थिनी कर्मचाऱ्याच्या अंगावर धावून आली, तिने हात उचलला व एकेरीत अरेरावीची भाषा वापरली.' चला, खेळाचे सर, तुम्ही विद्यार्थिनी. ही खुर्ची म्हणजे कर्मचारी."

मावशी अर्धवट ऐकत अजून डोळे पुसत होत्या. खेळाचे सर दहा पावलं मागं गेले, धावत आले, आणि खुर्चीतल्या माणसाचं थोबाड जिथं असेल तिथं त्यांनी सणसणीत हात फिरवला.

"अहो, तोंडावर कुठं?" मावशी एकदम ओरडल्या. "मागं! मागं, कमरेखाली! थाप थाप थाप!"

सभागृहात हशा पिकला. बाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी कागदाकडं पाहिलं, मावशींकडं पाहिलं, मग भाऊसाहेबांकडं. भाऊसाहेब पंख्याकडं बघत होते. बाईंनी मागितल्या होत्या जुन्या तक्रारी, आणि भाऊसाहेबांनी गठ्ठ्यातल्या वरच्या चार उचलून, नावांवर काळं फासून दिल्या होत्या. सगळ्यात वरची अर्थातच मंगळवारची.

"हे प्रकरण चालू आहे. ते इथं चघळायचं नाही," बाईंनी कागद घडी करून बॅगेत टाकला. "पण मावशी, एकच विचारते, आणि उत्तर मला देऊ नका. तुम्ही आत्ता जे बोललात, ते या कागदात का नाही?"

झालं! मावशींचं चित्त उडालं. पुढं बाईंनी कितीतरी चांगलं सांगितलं असेल. मारामारी सोडवताना आधी कुणाला बाजूला घ्यायचं, रडणाऱ्या पोराला पहिला प्रश्न 'का केलंस' नाही तर 'काय झालं' असा विचारायचा. पण मावशी तिथं असून नसल्यासारख्या. खरंच की. ती मारायला आली, तर तोंड सोडून मागं का मारलं? समोरून धावत आलेली पोरगी वळसा घालून पाठीमागं जाते, आणि तिथं मारते? असं कोण मारतं?

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी खेळाच्या सरांना गाठलं. "सर, तुम्ही इतक्या मारामाऱ्या सोडवल्यात. कोणी कुणाला कमरेखाली मागं मारतं का?"

सर घास गिळून म्हणाले, "मारणारा समोरून मारतो, मावशी. मागं थापट्या मारतात त्या माती झटकायला. नाहीतर काहीतरी विझवायला."

ताट तसंच ठेवून मावशी प्रयोगशाळेकडं निघाल्या. निघाल्या कसल्या, धावल्याच.

ॲप्रन खुंटीवर होता तसाच लोंबत होता. त्यांनी तो उतरवला आणि खिडकीपाशी उजेडात धरला. मागच्या गाठीखाली एक बंद वीतभर लांब, दुसरा बोटभर. बोटभर उरलेल्याचं टोक काळंकुट्ट. आणि मागच्या बाजूला, कमरेच्या जरा खाली, तळहाताएवढं भोक, कडा तपकिरी. मावशींनी भोकातून हात घातला. हात पलीकडं निघाला.

एक नंबरच्या टेबलावर स्पिरिटचा दिवा होता, आणि त्याचं टोपण शेजारीच पडलेलं. दिवा वातीपर्यंत जळून सुकलेला. दुपारचं ऊन त्याच खिडकीतून येतं, आणि उन्हात स्पिरिटची ज्योत दिसत नाही. हे दरवर्षी नव्या पोरांना घसा फोडून कोण सांगतं? मावशीच! "ज्योत बघू नका रे, टोपण बघा." आणि त्याच ज्योतीला पाठ लावून त्या आपल्या लोकांच्या भानगडी न्याहाळत उभ्या होत्या.

'ए, सोड!' ट्रे सोड नव्हे. मला सोडही नव्हे. गाठ सोड म्हणत होती ती पोर! आणि आपण गाठ सोडली नाही, म्हणून तिनं हातानं विझवलं. त्या पट्टीखाली काचेची जखम नव्हती तर. मावशी मटकन स्टुलावर बसल्या. त्यांना स्वतःची लाज वाटली, अगदी तोंड लपवावं अशी.

लाजेमागून भीती आली. दिवे झाकायचं काम त्यांचं. टेबलाच्या खणात वही असते, 'सर्व दिवे झाकले' असं छापलेली, आणि समोर सही. मंगळवारच्या पानावर सही होती. ती त्यांनी, नेहमीसारखी, प्रॅक्टिकल सुरू व्हायच्या आधीच करून टाकली होती. कोण बघतंय? निवृत्तीला राहिलं होतं दीड वर्ष. आणि आगीच्या बाबतीत प्राचार्य कुणाच्या बापाचं ऐकत नसत. मागं एका परिचरानं हीटर चालू ठेवला म्हणून त्याला त्यांनी आठवड्याच्या आत घरी बसवलं होतं.

साडेतीनला त्या ॲप्रन घेऊन ऑफिसात गेल्या आणि भाऊसाहेबांना सगळं सांगून टाकलं. भाऊसाहेब माणूस वाईट नव्हे. त्यांनी आधी दार लोटलं.

"मावशी, दिव्याचं नाव काढू नका. माझं ऐका. 'वडीलकीच्या नात्याने सदर विद्यार्थिनीस माफ करते' एवढं लिहितो. समिती ताकीद देऊन सोडून देईल. पोरगी वाचली, तुमचा मोठेपणा दिसला, नोकरी शाबूत. साप मेला, काठीही मोडली नाही."

मावशींना ते पटलं. खोटं कशाला बोला, चांगलं पटलं. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं झालं. लिहा म्हणायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात स्वभाव आडवा आला. विचारल्याशिवाय राहवेना.

"तिनं काय उत्तर दिलंय हो?"

"तिनं? कबुलीच दिलीय," भाऊसाहेबांनी फाईल उघडून पुढं सरकवली.

नोटीस भाऊसाहेबांच्याच अक्षरात होती. कर्मचाऱ्याच्या अंगावर धावून गेलात काय? हात उचललात काय? एकेरीत बोललात काय? फक्त हो किंवा नाही लिहावे. तक्रारदाराशी संपर्क साधू नये. आणि प्रत्येक प्रश्नापुढं, वाकड्या अक्षरात, कारण उजवा हात बांधलेला आणि डाव्या हातानं लिहिलेलं: हो. हो. हो.

मावशींनी ते तीन 'हो' दोनदा वाचले. अंगावर धावून गेलीस? गेली होती की. धावतच गेली होती. हात उचललास? उचलला होता. पुस्तकात हात म्हणजे हात आणि उचलणं म्हणजे उचलणं. तिला कोण सांगणार, की आपल्याकडं हात उचलला म्हटलं की सरळ मारलं? कागद मागत होता तेवढं पोरीनं खरं खरं लिहून दिलं होतं. आणि आपण माफ करायला निघालो. माफी दिली की हे तीन 'हो' जन्मभर हिच्या फाईलला चिकटून राहणार.

"काही लिहू नका," मावशी म्हणाल्या. ॲप्रन काखोटीला मारला आणि त्या समितीच्या खोलीकडं चालू लागल्या. भाऊसाहेब मागून "अहो मावशी, अहो मावशी," करत.

खोलीत प्राचार्य आणि दोन प्राध्यापक टेबलाच्या त्या बाजूला, आणि या बाजूला एकटी चष्मेवाली. पाठ ताठ, हात मांडीवर.

"या मावशी," प्राचार्य म्हणाले. "बोला, तक्रारीवर कायम आहात ना?"

"आधी मला हिला काहीतरी विचारायचंय, सर." मावशी पोरीकडं वळल्या. "पोरी, मंगळवारी काय झालं? पहिल्यापासून सांग."

चष्मेवालीनं प्राचार्यांकडं पाहिलं. "बोलू? संपर्क होईल."

"बोल, बोल," प्राचार्य वैतागून म्हणाले.

"दिवा जळत होता," ती एकेक शब्द शोधून ठेवत म्हणाली. "तिथे ऊन होते, म्हणून दिसत नव्हता. पण टोपण बाजूला होते. मावशीची दोरी दिव्यात गेली. मी म्हणाले, सोड. तिला समजले नाही. कापड जळायला लागले. मग मी हाताने विझवले."

एका प्राध्यापकांनी नोटीस उचलून धरली. "अगं, मग 'हात उचललात काय' याला तू हो कसं लिहिलंस? हात उचलणं म्हणजे मारणं!"

पोरगी क्षणभर विचारात पडली. हे तिला नवीन होतं, आणि ते तिनं मनात नीट लावून घेतलं.

"तरी हो," ती म्हणाली. "मारलेच होते. तीनदा, जोरात. हळू मारले असते तर विझले नसते."

मावशींना रडू फुटलं. आवरायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही. रडतरडतच त्यांनी ॲप्रन टेबलावर पसरला, भोक वर येईल असा, आणि डोळे पुसून भाऊसाहेबांकडं वळल्या.

"भाऊसाहेब, आता लिहा. आणि मी बोलते तेवढंच लिहा, तुमचं काही घालू नका. एक नंबरचा दिवा मी झाकला नव्हता. झाकला अशी सही आधीच केली होती. ती रोजच आधी करते. पोरगी सांगायला आली तर मी तिला बोलू दिलं नाही. आज सकाळी तिच्या हाताची पट्टी पाहिली, आणि बरं झालं असं मनात म्हणाले."

भाऊसाहेबांचं पेन थांबलं. "हे शेवटचं कशाला?"

"झालं म्हणून."

प्राचार्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांचा आवाज अवघडलेला होता. "मावशी, हिची फाईल इथंच बंद. पण दिव्याची वेगळी चौकशी लागेल, आणि ती मला टाळता यायची नाही. तुम्हाला माहीत आहे ना?"

"माहीत आहे, सर. लागू दे."

"मग शेवटी काय टाकू?" भाऊसाहेब हळूच म्हणाले. " 'दिलगिरी व्यक्त करते', असं?"

"कागदावर व्यक्त कशाला करायची? ती इथं बसलीय."

मावशींनी टेबलाला वळसा घातला, चष्मेवालीच्या शेजारची खुर्ची ओढली आणि बसल्या. सव्वीस वर्षांत त्या या खोलीत चहा घेऊन कितीदा आल्या असतील, बसल्या आजच.

"माझं चुकलं गं," त्या म्हणाल्या. "फार चुकलं."

पोरीनं मान हलवली. असू दे म्हणाली नाही, काही हरकत नाही म्हणाली नाही. तिनं पट्टीचा हात मांडीवरून उचलला आणि मावशींच्या पुढं टेबलावर ठेवला.

"अजून दुखते," ती म्हणाली.

"सांग," मावशी म्हणाल्या. "कुठं कुठं दुखतं?"